बसलेल्या बाबाला बोललेला नवस

आत्या, ट्रकात सगळ्यात आधी कोंबड्या चढायच्या. मग भांडी, जळण, बोचकी, आणि बोचक्यांवर आम्ही लेकरं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक वेशीत उभा राहायचा आणि आपल्या घराला कुलूप लागायचं. मग पाच-सहा महिने कुठल्यातरी कारखान्याच्या कडेला पाचटाची कोपी, अंधार असतानाच दादा-आईच्या हातात कोयते आणि माझ्या डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा. शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. उन्हाळ्यात परत आले की हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावावर थांबायचे आणि विचारायचे, "ही कोण?" पोरं हसायची. मला हसू यायचं नाही. ही कोण, हे मलाही धड माहीत नव्हतं.

त्या वर्षी तुम्ही सासर सोडून कायमच्या माहेरी, दादांच्या, म्हणजे भावाच्या घरी आला होतात. का आलात ते घरात कुणी बोललं नाही, तुम्हीही नाही. ट्रक भरला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि तुम्ही टायरवर पाय देऊन वर चढलात. मला काखेत धरून खाली घेतलंत.

दादा वरून ओरडले, "अक्का, काय करायलीस?"

"पोरगी ऱ्हाईल माझ्याजवळ."

"तुला एकटीला झेपंल का?"

"एक कोंबडी बी ठिव. तिघी मिळून झेपवू."

कोंबडी राहिली, मी राहिले, ट्रक गेला. आई मागं बघत होती, दादा बघत नव्हते. ट्रकाची धूळ खाली बसायच्या आत तुम्ही पदरात भाकरी बांधली आणि म्हणालात, "चल, गडावर जाऊन येऊ."

आपल्या गडाचं नाव पुस्तकात नाही, मी शोधलंय. बेंबळीच्या बाजूनं येताना दोन पडके बुरूज दिसतात, तेवढीच त्याची ओळख. पण वर पोचेपर्यंत मी तुम्हाला किती प्रश्न विचारले! वाट सरळ का नाही? दरवाजाला खिळे बाहेरून का? एवढ्या उंचावर पाणी कुठून आणत असतील? तुम्हाला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि त्याची तुम्हाला लाजही नव्हती. उलट थांबून, कमरेवर हात ठेवून तुम्हीच म्हणायचात, "व्हय की गं. का असंल?" मग आपण दोघी त्या खिळ्यांकडं बघत उभ्या. आज मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, पोरांना सांगते की आधी नीट बघा, मग विचारा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

वर तीन ठिकाणी माथा टेकायचा. दरवाजाच्या आत गडदेवी. चिंचेखाली बाबांचा दर्गा, त्याच्या हिरव्या जाळीला चिंध्या बांधलेल्या. आणि पश्चिमेच्या बुरजाखाली, कातळात कोरलेल्या खोबणीत, तो बसलेला बाबा. काळ्या दगडाचा, उघडा, मांडी घातलेला, हात मांडीत ठेवलेले, नजर खाली, कान खांद्यापर्यंत. गावात त्याला शाळेचा देव म्हणतात, कारण शाळेत पोरांना तसंच बसवतात. परीक्षा आली की पोरं त्याच्या गुडघ्याला पेन्सिली घासून जातात, त्यामुळं एक गुडघा लोण्यासारखा गुळगुळीत झालाय.

तुम्ही त्याच्यापुढं भाकरी ठेवली, वर लसणाच्या चटणीचा गोळा. मग आधीच्या दोन्ही ठिकाणांसारखंच ओठ हलवत बराच वेळ काहीतरी पुटपुटलात.

"काय म्हणालात?"

"नवस बोलले."

"कुणाला? कसला?"

"बोललेला नवस सांगितला की पातळ हुतो."

आपल्या गडाची ती रीत मला पुढं कळली. नवस कुणाला सांगायचा नाही, पण एकाला सांगावाच लागतो. त्याला गवाही म्हणतात. देवीला बोललात तर गवाही दर्ग्यात ठेवायची, दर्ग्यात बोललात तर देवीच्या गुरवाकडं. म्हणजे देव एकाचा आणि साक्षीदार दुसऱ्याचा. माणूस फिरला, विसरला किंवा मेला, तरी नवस वाऱ्यावर जात नाही. ही रीत कुणी आणि का घातली असेल, यावर मी कॉलेजात असताना तीन सरांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "आपल्याच मान्साला साक्षीला ठिवलं तर ते आपल्याच बाजूनं बोलंल की." मला अजून तेच उत्तर पटतं.

मग दर वर्षी तेच. दसऱ्यानंतर ट्रक जायचा, आपण गडावर जायचो. उतरताना मी विचारायचे, "फिटला का नवस?" तुम्ही म्हणायचात, "अजून न्हाय." दहावी झाले, न्हाय. बारावी झाले, न्हाय. लोहाऱ्याला जीपच्या टपावर बसून कॉलेजला जाऊ लागले, तरी न्हायच. मला वाटायचं, या बाईनं माझ्यासाठी कलेक्टरचा बंगला मागितला की काय!

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका प्रदर्शनात मी तसाच दगडाचा बाबा पाहिला. तीच मांडी, तेच कान. खाली लिहिलं होतं, तीर्थंकराची मूर्ती. धावतच घरी आले. गडावर नेऊन तुम्हाला मूर्तीपुढं उभं केलं आणि सांगितलं, "आत्या, हा शाळेचा देव नाही. हा जैनांचा आहे."

"मग? जैनाची लेकरं शाळंत जात न्हाईत व्हय?"

"तसं नाही हो. त्यांचे नियम कडक असतात. ते कांदा-लसूण खात नाहीत."

तुम्ही चटणीच्या गोळ्याकडं बघितलंत. मग बाबाकडं. तुमचा चेहरा असा पडला की मी ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"म्हंजी इतकी वरसं उपाशी बसिवला व्हय गं म्या ह्याला?"

चटणीचा गोळा उचलून तुम्ही पदरात बांधलात. पुढच्या खेपेला गूळ-लाह्या आणल्यात आणि त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत त्यालाच दरडावलंत, "चुकलं बाबा. पर तू सांगायचं व्हतं की!"

मी हसून लोळायची बाकी राहिले. पण त्याच दिवशी आपलं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणाले, इथं पाटी लावू, हा कोण ते लिहू. कुणाची मूर्ती, कुठल्या काळातली, लोकांना कळू दे. तुम्ही म्हणालात, "पाटी लावली की पोरं पेन्सिली घासतील का?" मी म्हणाले, नाही घासल्या तर मूर्तीची झीज थांबेल. तुम्ही म्हणालात, "मग त्याच्याकडं यील कोण?" मी खऱ्याच्या बाजूनं होते आणि आहे. पण तुम्ही कुणाच्या बाजूनं होतात, ते मला आत्ता आत्ता उमगायला लागलंय. हे भांडण आता मला एकटीलाच दोन्हीकडून करावं लागणार.

मी बी.एस्सी. झाले. आपल्या भावकीत, बाई सोडाच, पुरुषही त्याआधी पदवीला पोचला नव्हता. हे मी कुणालाही मान वर करून सांगते, आणि का सांगू नये? त्या दिवशी पेढे घेऊन आपण गडावर गेलो. देवीला एक, बाबांना एक, बसलेल्याला एक. मला खात्री होती.

"आता तरी फिटला?"

"न्हाय."

मी तडकलेच. "लग्नाचा असेल ना आत्या, तर आत्ताच सांगते, मला विचारल्याशिवाय देवाला शब्द द्यायचा नाही."

तुम्ही पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. "तुझ्या लग्नाला नवस कशाला लागतोय? येकादं पोरगं फसवायला मी येकटी बास हाय."

पण काय मागितलं ते सांगितलं नाहीत. मला नोकरी लागली तेव्हाही नाही. यंदा नवरात्रात तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाही नाही. मी पाय चेपता चेपता दोनदा विचारलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "गवाही हाय की. कशाला काळजी करतीस?" आणि कोजागिरी व्हायच्या आत गेलात.

यंदा ट्रक आला तेव्हा घरात तुमचं सुतक होतं. टोळीच्या मुकादमानं दुसरी गावं भरायला घेतली आणि दादांना निरोप धाडला, तेरावं उरका, मग न्यायला येतो. दहाव्याचं आटोपल्यावर दादा भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "अक्काचा नवस अडकलाय. तेराव्याच्या आत सोडीव. तू शिकलेली हायेस, तुला उमजंल."

"आणि तेराव्यानंतर?"

"मुकादम थांबलाय."

"दादा, यंदा नका जाऊ. मला पगार आहे, लोहाऱ्यातली खोली सोडून मी इथून येणं-जाणं करीन."

"लेकीच्या जिवावर बसू व्हय घरी? हात चालतोय तवर कोयता चालंल."

"गेल्या साली कंबर धरून आलात."

"मग? धरून आलो की. सोडून न्हाय आलो."

आई मध्ये पडली नाही. ती कोनाड्यातलं कुलूप शोधत होती. आत्या, मी ते बघितलं. तुम्ही आल्यापासून आपल्या घराला कुलूप लागलं नव्हतं. ट्रक कितीदा आला नि गेला, पण घरात दिवा असायचा, चूल असायची. आता तुम्ही नाही. मी लोहाऱ्यात, ही दोघं उसाच्या फडावर, आणि दाराला पुन्हा तेच गंजकं कुलूप.

दुसऱ्या दिवशी एकटी गड चढले. पिशवीत खण-नारळ, फुलांची चादर, अगरबत्ती आणि गूळ-लाह्या. नवस कुणाचाही निघो, तयारी हवी. दरवाजापाशी सवयीनं थांबले आणि खिळ्यांकडं बघत म्हणाले, "का असेल?" माझ्या मागं कुणी "व्हय की गं" म्हणालं नाही. तुम्ही गेलात हे मला तिथं कळलं, घरात नाही.

गुरवकाका देवीची समई घासत होते. "या कॉलेजवाल्या बाई. अक्काच्या मागं तुम्हाला चढायचं सुचलं म्हणायचं."

"काका, आत्याची गवाही तुमच्याकडं आहे का?"

"माझ्याकडं न्हाय."

मी मनात हिशोब मांडला. गुरवाकडं नाही, म्हणजे नवस दर्ग्यातला नाही. बसलेल्याला तर पोरं सोडून कुणी काही मागत नाही. म्हणजे देवीचा, आणि गवाही दर्ग्यात. मी पिशवीतून खण-नारळ काढायला लागले. काका गालात हसले. "घाई नगा करू. आधी खालाला इचारा. नारळ कुठं पळून जातोय?"

हलिमाखाला, दर्ग्याच्या मुजावरांची बायको. चिंचेखाली तुम्ही दोघी पान लावत बसायचात तेव्हा मी बुरजावर चढायचे, एवढंच मला आठवतं. त्यांनी मला बघितलं, हातातला झाडू टाकला आणि माझं डोकं छातीशी धरलं. म्हणाल्या, "यायला उशीर केलास बेटा. म्या रोज वाट बघायले."

"गवाही तुमच्याकडं आहे?"

"माझ्याकडंच हाय."

"म्हणजे देवीला बोलल्या होत्या."

"कुठली देवी? त्या बसलेल्याला बोलली."

शाळेच्या देवाला! म्हणजे माझ्या शिक्षणाचाच. मग पदवीनंतरही "न्हाय" का?

खालांनी पदर सावरला. गवाही देताना बसून द्यायची नसते, म्हणून उभ्या राहिल्या आणि पाठ केलेलं म्हणावं तसं बोलल्या, "तुझी आत्या म्हणली, बाबा, तू ऊन-पाऊस आला तरी जागचा उठत न्हाईस. माझ्या भावाच्या घराला असं येका जागी बसीव. ज्या साली ट्रक दारात यील आणि आमच्या घरातलं कुणी चढणार न्हाय, त्या साली ऐन हंगामात समद्यांना आणून तुझ्यापुढं पंगत बसवीन."

चिंचेवर पोपटांचा कालवा चालला होता. मी विचारलं, "खाला, माझ्या शिक्षणाचं काहीच मागितलं नाही?"

"ते कशाला मागंल? ते ती सोता करायलीच व्हती की."

आत्या, खरं सांगते, मला थोडा रागही आला. एवढी वर्षं मला वाटत होतं की तो नवस म्हणजे मीच. मी निकाल घेऊन यायचे आणि तुमचं तोंड बघायचे. आणि तुम्ही त्या वेळी दादांच्या कमरेचा, आईच्या हाताच्या घट्ट्यांचा विचार करत होतात. मी पुन्हा विचारलं, "पण त्यालाच का? तुमचे बाबा आहेत, देवी आहे."

"म्याबी हेच म्हणले. तर म्हणती, देवीला यात्रा असती, बाबांना संदल असतोय, त्यांच्यापाशी गर्दी लई. ह्याला पोरं सोडून कुणी काय मागत न्हाय. ह्याला सवड हाय."

मी हसले आणि हसता हसता रडले. खाला म्हणाल्या, "आता नवस तुझा झाला. सांगायचा का झाकायचा, तुझं तू बघ."

मी बुरजाखाली गेले. गूळ-लाह्या ठेवल्या आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. इतकी वर्षं मी त्याच्यात अभ्यास बघितला. नंतर पुस्तकात वाचून तीर्थंकर बघितला. तुम्ही त्याच्यात एक न उठणारा माणूस बघितलात. यातलं चूक काय आणि बरोबर काय, मी बराच वेळ त्याच्या झिजलेल्या गुडघ्याकडं बघत विचार केला. पुस्तकातही तो उठत नाहीच की. मग कुणी आधी नीट बघितलं, मी का तुम्ही?

आणखी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला कुणीच देणार नाही. तुम्ही दादांना का नाही सांगितलंत? तुमचा शब्द ते मोडत नव्हते. एकदा म्हणाला असतात, "बापू, नको जाऊस," तर कदाचित राहिले असते. नवस पातळ होईल म्हणून? का थोरल्या बहिणीनं भावाच्या कोयत्याला हात लावायचा नाही म्हणून? का माझा पगार सुरू होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतंत आणि मग वेळच उरला नाही? मी प्रत्येक शक्यता उलटी-सुलटी करून पाहते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "व्हय की गं. का असंल?"

मी सांगायचं ठरवलं. पातळ झाला तर होऊ दे. दिवेलागणीला दादांसमोर खालांसारखीच उभी राहिले आणि जसं ऐकलं तसं म्हटलं. "माझ्या भावाच्या घराला असं येका जागी बसीव" इथं आले तेव्हा आईनं तव्यावरचा हात थांबवला. भाकरी करपल्याचा वास आला.

दादा एवढंच म्हणाले, "अक्का माझ्यासाठी बोलली व्हती?"

"आपल्या घरासाठी."

"मला वाटायचं तुझ्यासाठी."

"मलाही."

ते उठले आणि अंगणात गेले. आईनं मला खुणेनं थांबवलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम मोटारसायकलवर आला. मी आत होते, पण कान बाहेर. "चला बापू, ट्रक फाट्यावर आलाय. कोयता कुठाय?"

"हाय. पर यंदा न्हाय."

"काय झालं? दुसऱ्यानं आगाऊ उचल दिली का?"

"कुणाचीच घेतली न्हाय. माकणीच्या पावण्यांचं रान वाट्यानं करायचं ठरलंय. धरणाचं पानी हाय."

"बायकोला तरी…"

"अरं, न्हाय म्हणलं की. तीबी न्हाय आणि मीबी न्हाय. बस, च्या घे."

माकणीचं रान! मला पत्ताही नव्हता. तेराव्याच्या आदल्या दिवशी सुताराकडं, सुतारमेटावर जातो सांगून ते पाहुण्यांकडं जाऊन आले होते. लेकीच्या जिवावर बसायचं नव्हतं, तर त्यांनी स्वतःचं बसायचं ठिकाण शोधलं. मुकादमानं चहा घेतला, थोडी कुरकूर केली आणि गेला. संध्याकाळी ट्रक दारावरून गेला. त्यात ओळखीची लेकरं बोचक्यांवर बसली होती. आई दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. दादा या वेळी बघत होते.

मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी आम्ही गड चढलो. ऐन हंगाम. आईला लसणाशिवाय पिठलं करायचा सरावच नव्हता, तीनदा चव घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. दादा चढताना दरवाजापाशी थांबले आणि म्हणाले, "हे खिळे भाईरून का गं?" आई म्हणाली, "मला काय इचारता, लेकीला इचारा." मला हसू आवरेना. घराण्यातच आहे ते.

बसलेल्या बाबासमोर पंगत धरली. दादा, आई, मी, गवाहीदार म्हणून हलिमाखाला, आणि बोलावलं नसताना आलेले गुरवकाका. रीतीप्रमाणं पहिला घास खालांना. तुमची पत्रावळ माझ्या डाव्या हाताला मांडली होती. दादांनी पिठल्याचा घास घेतला, चावला, बाबाकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याला आयुष्यभर असलंच खायला लागतंय व्हय? तरीच उठत न्हाय." खाला एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जेवण झाल्यावर दादा उठले नाहीत. बाबासारखी मांडी घालून, हात मांडीत ठेवून बसून राहिले. उन्हं उतरेपर्यंत. घाई नव्हती.

आत्या, मार्गशीर्ष सरत आलाय. गावातल्या टोळ्या कधीच गेल्यात. आई मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकतेय, दादा माकणीच्या रानात आहेत, मी रात्री घरी जेवायला असते. कुलूप कोनाड्यातच आहे. यंदा आपल्या घरातलं कुणी ऊस तोडायला गेलं नाही.